कांडोळ, नाणा, काटेसावर : सालीसाठी वाढवलेल्या बोन्सायच्या नोंदी

१४ एप्रिल २०१९, मुलुंड

गेल्या महिन्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या बाजूला गेले असताना खडकाळ उतारावर कांडोळाची निष्पर्ण झाडे पाहिली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले. सगळे रान करड्या रंगाचे झालेले असताना ही झाडे मात्र पांढुरकी, गुलाबी झाक असलेली, उन्हात जवळजवळ चकाकणारी होती आणि त्यांच्या खोडांवरून कागदासारखे पापुद्रे सुटून वाऱ्यावर फडफडत होते. अंधारातही हे खोड उठून दिसते म्हणून लोक त्याला भुताचे झाड म्हणतात. मी गेली नऊ वर्षे गच्चीवर बोन्साय करते आहे, पण माझ्याकडे वड, पिंपळ, नांद्रुक आणि जेड यांपलीकडे काही नाही. फांद्यांची ठेवण, पानांचा आकार आणि मुळांचा पसारा यांवर मी वर्षानुवर्षे काम केले, मात्र निव्वळ सालीसाठी झाड निवडण्याचा विचार कधी केला नव्हता.

म्हणून हे काम आज सुरू करते आहे. सह्याद्री आणि कोकण यांच्या रानातली, नर्सरीत सहसा न मिळणारी आणि सालीमुळे ओळखू येणारी पाच झाडे बियांपासून वाढवायची. कांडोळ, नाणा, काटेसावर, तिरफळ आणि ऐन ही ती पाच झाडे. बुचाचे झाड, म्हणजे आकाशनिंब, याच्या नावातच साल आहे आणि मुंबईत ते जागोजागी लावलेले आहे, पण ते मूळचे म्यानमारकडचे असल्याने या यादीत घेतलेले नाही.

रानातून रोप उपटून आणायचे नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवते. राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनस्पती किंवा तिचा कुठलाही भाग आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. पण कायदा नसता तरी मी तसे केले नसते. शहराच्या पोटात १०३ चौरस किलोमीटरच्या आसपास रान शिल्लक राहिले आहे आणि त्यातून माझ्या कुंडीसाठी एक झाड कमी व्हावे, हे मला पटत नाही. बी मिळेल ते खासगी जमिनीवरचे, रस्त्याकडेचे किंवा नात्यातल्या कुणाच्या परसातले.

५ मे २०१९

बी गोळा झाले. कांडोळाची फळे कर्जतजवळच्या एका परिचितांच्या जमिनीवरून आणली. हे फळ पाच कप्प्यांचे, चांदणीसारखे, पिकताना लाल होणारे असते आणि त्याच्यावर बारीक, खाजऱ्या केसांचे दाट आवरण असते. झाडाच्या शास्त्रीय नावातला ‘युरेन्स’ हा शब्द या दाहावरूनच आला आहे. मी चामड्याचे हातमोजे घातले होते, तरीही मनगटावर जिथे मोजा संपतो तिथे दोन दिवस आग होत राहिली. पुढच्या वेळी सांडशीने फळ धरून, पाण्याखालीच उकलायचे.

नाण्याची सुकलेली बोंडे त्याच जमिनीवर मिळाली. सावरीचा कापूस ठाण्याकडच्या रस्त्यावर एका झाडाखाली पसरलेला होता, त्यातून काळे बी निवडायला संध्याकाळ पुरली. ऐनाची पाच पंखांची फळेही कर्जतचीच. तिरफळ आईच्या माहेराहून, कुडाळजवळून, मामाने पाठवले. घरात बांगड्याच्या आमटीसाठी ठेवतो ती सुकी टरफले वेगळी आणि एरवी आपण टाकून देतो ते आतले काळे, चकचकीत बी वेगळे, असे पहिल्यांदाच बाजूला काढले.

१६ जून २०१९

आज पेरणी केली. मिश्रणात दोन भाग चाळलेले विटांचे तुकडे, एक भाग जाडी वाळू, एक भाग पालापाचोळ्याचे खत आणि थोडे गांडूळ खत घातले आहे. नर्सरीतली लाल माती मुद्दाम टाळली, कारण मुंबईच्या पावसात ती प्रथम चिखल होते आणि ऑक्टोबरच्या उन्हात दगड होते. कांडोळाच्या ४० बिया, ऐनाची १५ फळे, सावरीच्या २० बिया, तिरफळाच्या ५० बिया आणि नाण्याच्या दोन चिमटी पेरल्या. नाण्याचे बी इतके हलके आणि पंखाळ असते की पंखा बंद करूनच पेरावे लागले.

४ जुलै २०१९

परवा सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गच्चीच्या मोरीत पालापाचोळा अडकून पाणी तुंबले आणि कांडोळाचे दोन्ही ट्रे रात्रभर पाण्यात राहिले. रुजलेल्या २३ रोपांपैकी आज १६ आडवी झाली आहेत. एक रोप उपटून पाहिले तेव्हा कारण कळले. कांडोळाचे रोप पानांआधी मुळाची सोय करते. जेमतेम बोटभर उंचीच्या रोपाखाली लहान मुळ्यासारखा फुगीर, पांढरा कंद होता आणि तो कंदच सडून बुळबुळीत झाला होता. दगडाच्या फटीत, जिथे पाणी पडते तसे निघून जाते तिथे वाढणाऱ्या झाडाने पुढच्या आठ कोरड्या महिन्यांसाठी केलेला हा साठा आहे. वडाला दिवसभर पाण्यात ठेवले तरी त्याचे काही बिघडत नाही, या अनुभवावर मी कांडोळाला जोखले, ही माझी चूक.

उरलेली सात रोपे जिन्याच्या छपराखाली हलवली. त्यांना पाऊस लागणार नाही, फक्त सकाळचे ऊन लागेल.

१० नोव्हेंबर २०१९

सावरीची १७, नाण्याची ११, कांडोळाची ७ आणि ऐनाची ४ रोपे जिवंत आहेत. तिरफळाचे एकही बी रुजलेले नाही. आईला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, “झाडाखाली पडलेला बी आपसूक रुजता, तू कित्याक खटपट करतंस?” तिच्या म्हणण्यात तथ्य असावे. बियांचे कवच कठीण आणि तेलकट असते, झाडाखाली ऊन, पाऊस आणि पाखरांचे पोट यांतून गेल्यावर ते मऊ होत असणार. ट्रे फेकून न देता, आहे तसाच उन्हापावसात एका कोपऱ्यात ठेवला.

५ एप्रिल २०२०

टाळेबंदीमुळे घराबाहेर पडता येत नाही, पण गच्ची मोकळी आहे आणि त्यामुळे झाडांकडे रोज दोनदा बघणे होते. कांडोळाची सातही रोपे जानेवारीपासून पाने टाकून उभी आहेत, पेन्सिलीएवढ्या जाडीची, एकही फांदी नसलेली. आज त्यांतल्या एकाच्या सालीवर नखाने अगदी हलके खरवडले. वरचा पातळ, राखाडी-गुलाबी पापुद्रा निघाला आणि खाली ताज्या मटाराच्या शेंगेसारखा हिरवा रंग दिसला. पाने नसताना हे झाड सालीतल्या हरितद्रव्याने अन्न तयार करत राहते आणि वरचा पापुद्रा उजेड आत जाऊ देण्याइतका पातळ असतो. म्हणजे या झाडाची साल काही प्रमाणात पानाचेही काम करते.

त्यावरून एक नियम ठरवला. सालीवर माती, शेवाळ, तेल, रंग, काहीही साचू द्यायचे नाही. पिठ्या ढेकणासाठी मी वडांवर नीमतेल फवारते, ते या खोडांवर वापरायचे नाही, कारण तेलाने पापुद्रा डागाळतो आणि तो डाग पापुद्रा गळेपर्यंत जात नाही. कीड दिसली तर ओल्या कापसाच्या बोळ्याने हाताने काढायची.

२१ जून २०२०

या प्रकल्पात मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला निर्णय आज घेतला, म्हणून तो सविस्तर लिहिते.

बोन्सायचे आपण शिकतो ते काम बहुतेक वेळा झाडाला आवरण्याचे असते. लहान कुंडी, छाटलेली मुळे, खुडलेला शेंडा यांनी पान लहान होते, पेरे जवळ येतात आणि झाड वयस्कर दिसू लागते. पण साल याच्या उलट वागते. खोडात लाकूड आणि साल यांच्यामध्ये पेशी तयार करणारा एक थर असतो, जो आत लाकूड आणि बाहेर रसवाहिन्या भरत जातो. त्याच्याही बाहेर बूच तयार करणारा दुसरा थर असतो. आतले लाकूड वाढले की घेर वाढतो, बाहेरचे मेलेले बूच ताणले जाते आणि मग प्रत्येक जात त्या ताणाला आपापल्या पद्धतीने उत्तर देते. ऐनाचे जाड बूच चौकोनी खवल्यांत तडकते, नाण्याचे पातळ पट्ट्यांनी सुटते, कांडोळाचे कागदासारखे सोलते. ताणच निर्माण झाला नाही तर सालीला फाटण्याचे वा सुटण्याचे कारणच राहत नाही. पसरट कुंडीत दहा वर्षे ठेवलेले रोप वयाने दहा वर्षांचे होईल, पण घेर वाढला नाही तर त्याची साल दोन वर्षांच्या रोपासारखीच गुळगुळीत राहील.

म्हणून ही झाडे आधी बोन्साय करायची नाहीत. आधी मोठ्या पिंपात मोकळी वाढू द्यायची, उंची वाढली तर वाढू द्यायची, बुंध्याजवळच्या एक-दोन फांद्या मुद्दाम न छाटता राखायच्या, कारण त्या पाने धरून अन्न बनवतात आणि आपल्या खालचा बुंधा जाड करतात. घेर मनासारखा झाल्यावरच वरचे खोड आणि राखीव फांद्या काढायच्या. आज सावरीची चार, नाण्याची पाच, कांडोळाची पाच आणि ऐनाची दोन रोपे निळ्या प्लॅस्टिकच्या अर्ध्या कापलेल्या पिंपांत लावली. पिंपाच्या तळाला आणि बाजूला, तळापासून दोन बोटे वर, आठ-आठ भोके पाडली आहेत. जास्तीची रोपे कर्जतला परत पाठवायची आहेत, वाहने सुरू झाली की.

१८ मे २०२१

काल तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या जवळून गुजरातकडे गेले. दिवसभर वारा आणि पाऊस होता आणि गच्चीवर जाणे शक्यच नव्हते. आज सकाळी पाहिले तर सावरीची दोन पिंपे आडवी होऊन कठड्यावर आदळली होती.

सावरीच्या बाबतीत एक गोष्ट यामुळे जवळून समजली. तिचे शंकूसारखे काटे डाळिंबाच्या काट्यांसारखे लाकडातून आलेले नसतात, ते सालीचेच असतात. आदळलेल्या बाजूचे बारा-तेरा काटे सबंध निघून पडले होते आणि प्रत्येकाच्या जागी गोल, किंचित खोलगट, रुपयाच्या आकाराचा फिकट ठसा उरला होता. रक्तासारखा रस नाही, जखम नाही, फक्त ठसा. एक काटा हातात घेऊन पाहिला. टोक काळपट व टणक, बुंध्याशी रुंद बूच आणि त्या बुचात वर्तुळाकार थर, लहानशा टेकडीवरच्या बांधांसारखे. खोड जाड होत जाते तसा काट्याचा बुंधा रुंदावतो, म्हणून काटा टोकदार कमी आणि टेंगळासारखा जास्त दिसू लागतो. ही टेंगळेच मला हवी आहेत आणि ती एका धक्क्याने जातात. पुढे या झाडांना हात लावताना खोड धरून उचलायचे नाही, पिंप धरूनच उचलायचे.

सर्व पिंपे आज नायलॉनच्या दोरीने कठड्याच्या खांबांना बांधली.

२ ऑगस्ट २०२१

तिरफळाच्या विसरलेल्या ट्रेमध्ये दोन रोपे! पेरल्याला दोन वर्षे होऊन गेली आहेत. पहिल्या दोन खऱ्या पानांच्या बगलेतच बारीक काटे आहेत आणि पान चुरगळले की तोच आमटीतला, जिभेला झिणझिण्या आणणारा वास येतो. आईला फोटो पाठवला.

१७ ऑक्टोबर २०२१

नाण्याच्या एका रोपाचे माझ्या हातून नुकसान झाले, ते लिहून ठेवणे आवश्यक आहे.

जुलैच्या शेवटी पाचांपैकी सर्वांत सरळ वाढलेल्या नाण्याच्या खोडाला हलका बाक द्यावा म्हणून मी तीन मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार गुंडाळली. वडाला अशी तार तीन-चार महिने ठेवते आणि रुतल्याच्या खुणा दोनेक वर्षांत बुजून जातात. नाणा पावसाळ्यात किती वेगाने जाड होतो याचा मला अंदाज नव्हता. सप्टेंबरपासून घरच्या आजारपणामुळे पाच आठवडे गच्चीवर फारसे लक्ष देता आले नाही आणि काल तार सोडवायला गेले तेव्हा ती सालीत निम्म्याहून अधिक बुडालेली होती. उलगडून काढली असती तर साल सोलली गेली असती, म्हणून छोट्या पकडीने एकेक वेढा तोडून काढला, त्याला दीड तास लागला. खोडावर खालपासून वरपर्यंत दोरखंडासारखा वळ राहिला आहे.

मला आशा होती की नाण्याची साल सुटतेच, तेव्हा वळही तिच्याबरोबर जाईल. पण जरा विचार केल्यावर ते शक्य नाही हे लक्षात आले. गळतो तो वरचा मेलेला पापुद्रा. वळ पडला आहे तो खालच्या जिवंत सालीत आणि लाकडाच्या नव्या थरात. खडबडीत सालीचे झाड असते तर पुढच्या भेगांत हा वळ हरवला असता. गुळगुळीत सालीवर तो अनेक वर्षे दिसत राहणार.

यापुढे या प्रकल्पातल्या कुठल्याही खोडाला तार लागणार नाही. आकार द्यायचा तो दोन मार्गांनी. एक म्हणजे छाटणी, ज्या दिशेला फांदी हवी त्या दिशेचा डोळा, म्हणजे कोंब फुटण्याची जागा, ठेवून वरचे तोडायचे आणि दर वर्षी हेच करत राहायचे. दुसरा म्हणजे सुती दोरीचा ताण, फांदीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवून आणि दोरीचे दुसरे टोक पिंपाच्या काठाला बांधून. हे सावकाश होते, पण फांदीला एकाच ठिकाणी स्पर्श होतो.

६ मार्च २०२२

नाण्याची साल सुटली. वळ नसलेल्या चार झाडांपैकी ज्याचा बुंध्याशी घेर सर्वांत जास्त, म्हणजे ११ सेंटिमीटर आहे, त्याच्यावर जमिनीपासून चार बोटे उंचीवर तपकिरी सालीत एक उभी चीर दिसली आणि तिच्या दोन्ही कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या. आतला रंग दुधात किंचित हळद पडावी तसा. मी पट्टी ओढली नाही. सुटण्याआधी पापुद्रा ओढला तर खालची साल अजून तयार नसते आणि उन्हाने ती करपते, हे पेरूच्या झाडावर लहानपणी पाहिलेले आहे.

लागवड सोडून मुद्दाम निरीक्षण लिहिते. सात वाजता, ऊन तिरपे असताना, त्या वळलेल्या कडेतून प्रकाश आरपार दिसतो. नऊच्या पुढे तो पालटतो आणि पट्टी साधी तपकिरी दिसते.

२४ जुलै २०२२

जुलैमध्ये मुंबईत सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि या महिन्यात खोडावर शेवाळ न येणे शक्य नाही. बोन्सायमध्ये मातीवर शेवाळ आपण हौसेने आणतो, खोडावर मात्र ते सालीत पाणी धरून ठेवते, पांढरे खोड हिरवे करते आणि कांडोळाच्या पापुद्र्याखाली कूज सुरू करते. मऊ दातांचा, लहान मुलांचा टूथब्रश साध्या पाण्यात बुडवून, वरून खाली, आडवा कधीही नाही, अशा रीतीने दर रविवारी घासते. साबण लावत नाही. सावरीला ब्रश लावायचाच नाही, तिच्यासाठी झारीच्या पाण्याची बारीक धार पुरते.

१२ फेब्रुवारी २०२३

इमारतीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम निघाले आणि सोसायटीने सर्व कुंड्या महिन्याभरात हलवायला सांगितल्या. गच्चीवरचे वजन हा त्यांचा मुद्दा योग्य आहे, हे मी मान्य करते. ओली माती भरलेले माझे एकेक पिंप शंभर किलोच्या आसपास होते आणि अशी दहाहून अधिक पिंपे एकाच बाजूला होती. परंतु काम सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मजुरांनी नाण्याची दोन पिंपे खोड धरून ओढली आणि एकाची साल तळहाताएवढी सोलली गेली. मी त्या वेळी कामावर होते. सोललेल्या जागी कडा धारदार चाकूने साफ केल्या, वर काही लावले नाही, सुती कापडाने सावली केली.

ही अडचण एका अर्थी वेळेवर आली. काही झाडे कमी करायचीच होती. ऐन या प्रकल्पातून काढून टाकला. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल हीच त्याची ओळख, आणि ती जाड साल रानातल्या वणव्यात त्याला वाचवते. पण पावणेचार वर्षांत माझ्या दोन्ही ऐनांच्या खोडावर एकही भेग नाही. पूर्ण वाढलेल्या ऐनाच्या खोडावर चौकोन दिसतात ते दशकांच्या वाढीचे असतात, पिंपात ते माझ्या हयातीत येतील असे वाटत नाही. दोन्ही झाडे कर्जतच्या जमिनीत, ओढ्याच्या वरच्या अंगाला लावली. तिथे ती ऐन म्हणून वाढतील.

आता कांडोळ ४, नाणा ३, सावर २, तिरफळ २.

७ मे २०२३

मेच्या उन्हाने निळ्या पिंपांची पश्चिमेकडची बाजू हात लावता येणार नाही इतकी तापते. सावरीची त्या बाजूची मुळे तपकिरी झालेली आढळली. पिंपांना ओले गोणपाट गुंडाळले.

१४ एप्रिल २०२४

आज सुरुवातीला पाच वर्षे झाली आणि आज कांडोळाला पहिल्यांदा करवत लावली.

झाड क्रमांक दोन, घेर २१ सेंटिमीटर, उंची पावणेदोन मीटर. कामाची वेळ मुद्दाम ही निवडली. झाड निष्पर्ण आहे, हवा कोरडी आहे आणि पावसाला अजून दोन महिने आहेत, त्यामुळे जखम सुकायला अवधी मिळतो. पावसाळ्यात कांडोळ कापला तर कापाच्या जागेतून पाणी उतरते आणि आतले मऊ लाकूड कुजते. जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर तिरका काप घेतला. पाचेक मिनिटांत कापाच्या कडेने डिंकाचे पारदर्शक, जाडसर थेंब जमू लागले. बाजारात कराया डिंक म्हणून विकला जातो तो हाच. या डिंकासाठी देशात अनेक ठिकाणी कांडोळांना वारंवार आणि खोल खाचा घातल्या गेल्या आणि त्यात झाडे मेली, म्हणून हे झाड रानात पूर्वीइतके दिसत नाही. आपल्या झाडातून तो निघताना पाहून बरे वाटले नाही. दोन तासांत डिंक वाळून काचेसारखा घट्ट झाला आणि जखम त्याच्याखाली बंद झाली. त्यावर मी काहीही लावले नाही.

मग पिंप आडवे करून झाड बाहेर काढले. कंद आता नारळाएवढा झाला आहे, वर निमुळता, बाजूने दोन जाड मुळे फुटलेली. वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर दिसेल अशा बेताने लावायचा, म्हणजे बुंधा खडकावर बसल्यासारखा वाटेल. जाड मुळांची टोके कापून झाड तसेच, बिनमातीचे, जिन्याच्या सावलीत वर्तमानपत्रावर पाच दिवस ठेवणार आहे. वडाच्या बाबतीत हे करणे म्हणजे त्याला मारणे. कांडोळाच्या कापलेल्या कंदाला मात्र कोरडी खपली धरल्याशिवाय ओलसर मातीत ठेवू नये, हे २०१९ च्या जुलैने मला शिकवले आहे.

१९ एप्रिल २०२४

खपली धरली. भाजक्या मातीच्या, पाच बोटे खोल, न चकाकणाऱ्या काळसर कुंडीत झाड लावले. मिश्रणात तीन चतुर्थांश विटांचे तुकडे आणि खडी. पाणी दिले नाही. पहिले पाणी कोंब दिसल्यावर.

२ जून २०२४

कापाच्या खालून तीन कोंब. पहिले पाणी आज, अर्धा तांब्या.

१५ सप्टेंबर २०२४

कांडोळाच्या पानांविषयी. रानात हे पान पसरलेल्या पंजाहून मोठे असते, माझ्या पसरट कुंडीत ते साधारण १० सेंटिमीटरवर आले आहे. एवढ्या झाडाला तेही मोठेच. माझ्या ओळखीच्या एक ज्येष्ठ बोन्सायकार बाई पाहायला आल्या होत्या, त्यांनी पाने खुडून आणखी लहान करण्याचा सल्ला दिला. मी आदराने नकार दिला. पाने खुडून ती लहान होतील, पण झाडाचे अन्न कमी होईल, घेर थांबेल आणि घेर थांबला की साल थांबेल. हे झाड डिसेंबर ते मे पानांशिवाय उभे असते. त्याला पाहायचे ते त्या दिवसांत. पावसाळ्यात त्याने मनसोक्त पाने धरावीत.

बाईंनी निघताना नाण्यासमोर खुर्ची मागून घेतली आणि पंधरा मिनिटे बसून राहिल्या. “हे झाड आमच्या गावच्या देवराईत होतं, पण मी त्याला कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं गं,” असे म्हणाल्या.

नाणा सह्याद्रीखेरीज इतरत्र नैसर्गिकरीत्या सापडत नाही. त्याची परदेशी भावंडे बोन्सायच्या जगात प्रसिद्ध आहेत, त्यांची साल पाहायला लोक दूरवर जातात. आपल्याकडे नर्सरीत नाण्याचे रोप मागितले तर तामणाचे पुढे करतात. मी आतापर्यंत नाण्याची सहा रोपे बियांपासून तयार करून ओळखीच्यांना दिली आहेत, या वर्षी आणखी पेरली आहेत.

९ फेब्रुवारी २०२५

मोजमाप. सावर : घेर ३३ सेंटिमीटर, बुंध्याशी काटे रुंद, वर टोकदार. वादळात आदळलेल्या बाजूचे ठसे जवळजवळ चार वर्षांनंतरही तसेच आहेत, तिथे एकही नवा काटा आलेला नाही, ती बाजू झाडाची मागची बाजू म्हणून ठरवली. तिरफळ : घेर ८ सेंटिमीटर, काट्यांच्या बुडाशी बुचाची पहिली कडी दिसू लागली आहे, पिंपातच राहणार. नाणा, तार लागलेला : वळ आहे. नाणा, मजुरांनी सोललेला : जखमेच्या कडा दोन्ही बाजूंनी जाड होऊन आत सरकत आहेत, मधे अजून दोन बोटे लाकूड उघडे.

कांडोळ क्रमांक दोन : घेर २२ सेंटिमीटर. पाने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गळाली. आज सकाळी बुंध्याच्या पूर्वेकडच्या बाजूला, कंद जिथे खोडाला मिळतो त्याच्या जरा वर, पहिला मोठा पापुद्रा आपणहून सुटून कुंडीच्या खडीवर पडलेला सापडला. लांबी ४ सेंटिमीटर, रुंदी दीड, बाहेरून राखाडी, आतून फिकट गुलाबी, कांद्याच्या पातीच्या सुकलेल्या सालपटाइतका पातळ. उजेडाकडे धरला की त्यात आडव्या बारीक रेषा दिसतात. वहीच्या या पानात ठेवला आहे. तो सुटला तिथली साल हिरवट पांढरी, ओलसर चमक असलेली आहे, म्हणून पुढचे दहा दिवस दुपारी बारानंतर जुन्या मलमलीची सावली करायची आणि एप्रिलमध्ये क्रमांक तीनचे पिंप उघडायचे.